दिव्याच्या वाट्याची हवा

चौथी काडीही फुकट गेली तेव्हा प्रणिताताईने काड्यापेटी माझ्या पायाशी भिरकावली. "तुमच्या घरात साधा दिवा लागत नाही," ती म्हणाली, "आणि इथे तुम्ही माणसं आणून ठेवलीत."

प्रणिताताई म्हणजे माझी मोठी नणंद, कराडहून आलेली. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पोचवून माणसं नुकतीच परतली होती. हॉलमध्ये जिथे त्यांनी प्राण सोडला तिथे पाट मांडून त्यावर गव्हाचं पीठ पसरलं होतं आणि पिठावर पणती ठेवली होती. दहा दिवस ती तेवत राहायला हवी, आणि ती मुळात लागतच नव्हती. काडी ओढली की गुल फुर्रकन पेटायचं, कारण गुलाच्या मसाल्यात त्याचा स्वतःचा ऑक्सिजन असतो, पण ज्योत लाकडावर उतरायच्या आतच मरायची. हे मला माहीत होतं. हेरंबला, माझ्या नवऱ्याला, माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी आम्ही दोघं तिला काड्या ओढू देत होतो, कारण खुलासा कोणीतरी करावा लागणार होता आणि तो आपण करावा असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण समोर काहीतरी चुकत असताना सासूबाई गप्प बसल्याचं मला आठवत नाही. आमच्यात प्रेम कधीच नव्हतं. माझ्या आमटीपासून माझ्या नोकरीपर्यंत त्यांनी काही सोडलं नव्हतं आणि मीही कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं ते गप्प बसणं मला त्या दिवशी सगळ्यात जास्त खटकलं.

हेरंब मला पहिल्यांदा भेटला तेव्हा हॉटेलातल्या टेबलावरच्या मेणबत्तीकडे बोट करून त्याने मला नायट्रोजन समजावून सांगितला होता. तेव्हा मला ते गोड वाटलं. वयच तसं होतं. तो म्हणाला, हवेचे शंभर भाग केले तर अठ्ठ्याहत्तर नायट्रोजन, एकवीस ऑक्सिजन, उरलेल्या एका भागात बहुतेक आरगॉन, आणि कार्बन डायऑक्साइड तर अगदी चिमूटभर. शाळेत आपण नायट्रोजनला निष्क्रिय म्हणून सोडून देतो, पण पृथ्वीवरची आग आटोक्यात आहे ती त्याच्यामुळे. ज्योतीला जगायचं तर स्वतःला सतत तापतं ठेवावं लागतं, आणि भोवतीचा नायट्रोजन स्वतः काही न करता तिची उष्णता पीत बसतो. ऑक्सिजन तीसच्या पुढे गेला असता तर ओली जंगलंसुद्धा विजेच्या एका ठिणगीने भडकली असती. तो पंधरावर आणला तर वाळका कागदही पेटत नाही. मधला हा एकवीसचा आकडा झाडांनी आणि समुद्रातल्या शेवाळाने लाखो वर्षं सांभाळून ठेवलाय.

खरी मेख पुढे आहे. ज्योत ऑक्सिजनचं प्रमाण बघते, फुप्फुस त्याचा दाब बघतं. गुलमर्गला गेलात तर सगळीच हवा विरळ असते, ऑक्सिजनचा दाब कमी पडतो आणि तुम्हाला धाप लागते. पण प्रमाण तिथेही एकवीसच, त्यामुळे शेकोटी झकास पेटते. आता ठाण्यात, समुद्रसपाटीला, हवेतला ऑक्सिजन पंधरा टक्क्यांवर आणा. माणसाच्या फुप्फुसाला वाटतं आपण गुलमर्गला आलो, आणि आगीला मात्र जगताच येत नाही. माणूस तगतो आणि आग मरते, एवढ्याशा फटीत हेरंबच्या कंपनीने आपलं दुकान थाटलं.

जुनी कागदपत्रं ठेवायच्या दालनांत अशी हवा पूर्वीपासून वापरत. मग उंच इमारतींना ओळीने आगी लागल्या, शिड्या पोचल्या नाहीत, विमा कंपन्यांनी हात वर केले, आणि अशा हवेत चोवीस तास राहू न देणारा कायदा हळूहळू वाकला. घोडबंदर रोडवरचं आमचं 'अभय' हे त्यातलं पहिलं मोठं संकुल. गच्चीवर यंत्र आहे, त्यातल्या पोकळ धाग्यांच्या गाळणीतून बाहेरची हवा जाते, नायट्रोजन घरात येतो आणि काढून घेतलेला ऑक्सिजन नळकांड्यातून वर सोडून देतात. आमच्या वाट्याचं कबुतरं खातात. खिडक्या कायमच्या बंद, खाली येण्याजाण्याला एकापुढे एक दोन दारं. आत राहणारे आम्ही 'पंधरावाले' आणि बाहेरचं सगळं जग 'एकवीसवाले'. धावायच्या शर्यतीत भाग घेणारी तरुण पोरं या हवेवर खूश होती, डोंगरावर न जाता त्यांचं रक्त दाट होत होतं. बाकीचे आम्ही चिडके झालो. लिफ्टमध्ये कोणी कोणाला आधी जाऊ देईना. हेरंबच्या हौसेचे मासे पहिल्याच आठवड्यात उलटे तरंगले, तेव्हा तो मला म्हणाला, तू पाणी बदललं नाहीस. ही सगळी यंत्रणा त्यानेच बसवली होती, त्यामुळे दोष नेहमी दुसरीकडे असायचा.

अण्णा आणि सासूबाई पोयनाडहून आले ते अण्णांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. अण्णा शाळेत खेळाचे शिक्षक होते. तरुणपणी कबड्डीत त्यांच्या दमाची ख्याती होती. समोरची फळी घामाघूम व्हायची पण अण्णांचा दम तुटायचा नाही. आमच्याकडे आल्यावर ते रोज सकाळी बंद खिडकीपाशी उभे राहून 'कबड्डी कबड्डी' सुरू करायचे, चार-पाच वेळा म्हणून अडायचे आणि पाणी प्यायचं निमित्त करायचे. मी हेरंबला सांगितलं. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना सवय व्हायला दीड महिना लागतो, कंपनीने पाहणी केली आहे. घरात बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा चिमटा होता. तो मी दोन दिवस शोधला, सापडला नाही. हेरंब म्हणाला, पडला असेल कुठेतरी.

मग एका दुपारी टीव्हीवर सामना बघता बघता अण्णांची मान कलली. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. वय शहात्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कोणाला शंका यायचं कारण नव्हतं, आणि ज्याला येण्यासारखी होती तो डॉक्टरांशी एक शब्द बोलला नाही.

दिव्यावरून त्या संध्याकाळी घरात जे काही झालं ते मी थोडक्यात सांगते. प्रणिताताई म्हणाली, अख्ख्या इमारतीची हवा दहा दिवस पूर्ववत करा. सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस वर आले, हात जोडले आणि म्हणाले, हवेचे नळ सगळ्यांचे एकच आहेत, एका घरासाठी वाढवता येत नाही, विमा रद्द होईल. त्यांनी बॅटरीवरची समई आणली होती, तिची वात हलतेसुद्धा असं त्यांनी आवर्जून सांगितलं. ताईने ती समई त्यांच्याच हातात परत दिली. मग ती भावाकडे वळली. आईबापांना पोयनाडच्या मोकळ्या घरातून उचलून तू या डब्यात आणलंस, असं ती म्हणाली. तो म्हणाला, तुझ्याकडे कराडला खालची खोली रिकामी होती, का नाही नेलंस. ती खोली रिकामी नव्हती. तिथे तिचा नवरा लोकांना प्राणायाम शिकवतो.

हेरंब तावातावाने उठला आणि कामाला लागला. तो असाच आहे, बोलण्यात हरला की हत्यारं काढतो. मेलेल्या माशांची ॲक्रिलिकची टाकी त्याने माळ्यावरून काढली, धूर जायला तळाला भोक पाडलं आणि ती उलटी करून पाटावर, पणतीवर ठेवली. औषधाच्या दुकानातून ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने मागवलं, आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात तसलं. त्याची नळी टाकीच्या कडेखालून आत सारली, आत एक सेन्सर लावला आणि आकडा एकवीसवर स्थिर होईपर्यंत तो गुडघ्यावर बसून राहिला. जास्त झाला तर पणती भडकेल, कमी झाला तर विझेल, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मग टाकीची कड उचलून त्याने आत काडी ओढली. काडी जळाली. वात पेटली. अख्ख्या अभयमध्ये तेवढीच एक ज्योत होती आणि ती बघून ताई मोठ्याने रडली. सासूबाईंनी आपलं अंथरूण पाटाशेजारी घालायला सांगितलं.

आमच्याकडे रीत अशी, की पहिल्या रात्रीनंतर सकाळी दिव्याखालचं पीठ बघायचं. त्यावर जी खूण उमटलेली असेल ती गेलेल्या माणसाच्या पुढच्या जन्माची. कोणाला वेल दिसते, कोणाला गाईचं खूर. सकाळी ताईने टाकीच्या कडेला डोळा लावला. पिठात, टाकीच्या कडेशी, लहान लहान पावलं उठली होती. पुढे तीन बोटं, मागे एक.

"पाखरू," ती म्हणाली. "अण्णा पाखरू झाले."

तिने पोयनाडला फोन केला, कराडला केला, मावशांना केला. बंद खोलीतून सुटून माझे अण्णा मोकळ्या हवेत गेले, असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि दर फोनला भावाला एक टोमणा बसत होता. नवल हेरंबचं. पत्रिका, मुहूर्त असल्या गोष्टींची कायम टिंगल करणारा हा माणूस पाटाशी वाकला, त्या खुणांचा फोटो काढला आणि म्हणाला, "खरंच सुटले ना ते?" त्याला ते खरं असायला हवं होतं. माझा नवरा कधी इतका लाचार दिसला नव्हता आणि मला त्याचा रागच आला.

मी चहा घेऊन सासूबाईंपाशी गेले. त्यांनी तोंड धुतलं नव्हतं. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला पीठ लागलं होतं.

दुपारी आमच्या इमारतीत सगळेच पेंगतात, ती या हवेची खोड आहे. ताई आतल्या खोलीत झोपली होती आणि हेरंब खुर्चीत. मी पाणी प्यायला उठले आणि हॉलच्या दाराशी थबकले. सासूबाई पाटाशेजारी कुशीवर झोपल्या होत्या. त्यांनी तीन बोटं आणि अंगठा पिठात रुतवून टाकीच्या कडेखालची नळी अलगद ओढून घेतली आणि नाकाशी धरली. डोळे ज्योतीवर. त्या मोठे, सावकाश श्वास घेत होत्या. आत ज्योत बारीक व्हायला लागली, लालसर झाली, वातीला चिकटून थरथरायला लागली. तेव्हा सासूबाईंनी नळी परत आत सारली. ज्योत वर आली.

"घ्या तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. थोडा वेळ थांबल्या, धापा टाकत. मग पुन्हा हात पुढे केला. "आता मला."

मी तिथेच खाली बसले. त्यांनी मान वळवून मला पाहिलं आणि हात झटकन पदराखाली घेतला. मी तो ओढून बाहेर काढला. नखं जांभळी पडली होती.

मी विचारलं कधीपासून. त्या म्हणाल्या, आल्यापासून. मी विचारलं, मग बोलला का नाहीत, मी घातलेलं मीठ तुम्हाला कमी वाटलं तर शेजाऱ्यांना कळतं, आणि हे कळू दिलं नाहीत. त्या मला गप्प बस म्हणाल्या. आवाज वाढवायला त्यांच्यात दम नव्हता, नाहीतर घर गोळा झालं असतं.

"मला धाप लागते म्हटलं की त्याला कळणार, त्यांनाही लागत होती," त्या म्हणाल्या. "मग बापाचं मरण त्याच्या माथी येईल. आणि प्रणिता, ती बया तर त्याला जगू देणार नाही."

"त्याला कळायलाच हवं, आई."

"तू बायको आहेस, तुला हवं असेल. मी नाही कळू देणार."

मी म्हटलं, निदान खाली चला, फाटकाबाहेर घटकाभर बसू. तेही नको. सुतकात दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही हा ताईचा हुकूम होता आणि तो सासूबाईंना सोयीचा होता, कारण त्या खाली जाऊन ताज्यातवान्या होऊन आल्या असत्या तर हेरंबने बघितलं असतं. या बाईचा हट्ट मी चौदा वर्षं सोसला होता, पण तो कधी असा तिच्याच जिवावर उठला नव्हता. मी शब्द दिला नाही. पण त्या दिवशी बोललेही नाही, हे खरं आहे. नवऱ्याला काय सांगायचं होतं मी? तुझा बाप तुझ्या यंत्राने नेला आणि आता आई चालली?

त्यानंतर मी दुपारी आणि संध्याकाळी हॉलच्या दाराशी पहाऱ्याला बसू लागले, कोणी आलं की खोकायचं. सासूबाई नळी आत सारायच्या. आम्ही दोघी एका बाजूला आहोत असं पहिल्यांदाच घडत होतं आणि तेही चोरीसाठी. त्यांच्यात फरक पडत नव्हता. दोन श्वास दिव्याचे, दोन त्यांचे, एवढ्यावर माणूस किती तगणार. त्या जेवता जेवता थांबायला लागल्या. एकदा मला प्रणिता म्हणून हाक मारली.

चौथ्या दिवशी हेरंब सिलिकॉनची बंदूक घेऊन आला. सेन्सरचा आलेख बघून त्याच्या लक्षात आलं होतं की आतला ऑक्सिजन मधून मधून ढासळतो. नळी निसटत असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. आता नळी कडेला पक्की चिकटवून टाकायची, टाकीही पाटाला चिकटवायची, तेल वरच्या भोकातून घालता येईल. ताईला ते एकदम पटलं. भक्कम कर, ती म्हणाली, माझ्या अण्णांचा दिवा मध्येच गेला तर मी तुला माफ करणार नाही. आल्यापासून ती दोघं पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलत होती. तिने टाकी धरली आणि त्याने बंदुकीचं टोक कापलं.

सासूबाई नळीकडे बघत होत्या. त्या काही म्हणणार नव्हत्या. मला तेव्हा पक्कं कळलं, की ही बाई इथे बसल्या बसल्या मरेल आणि पोराला वाटेल आईनं वडिलांच्या मागोमाग जायचं ठरवलं.

मी जाऊन टाकी ताईच्या हातातून काढली आणि बाजूला सरकवली. ताई किंचाळली. मी सासूबाईंचा उजवा हात धरला, त्यांनी ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण ओढण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. तो हात मी पिठात, त्या जपून ठेवलेल्या पावलांच्या शेजारी दाबला आणि उचलला. पुढे तीन बोटं, मागे एक. शेजारी शेजारी दोन पावलं दिसत होती, अगदी एका मापाची.

"हे तुमचं पाखरू," मी म्हटलं. "दिव्याला श्वास मिळतोय तेवढाच यांना मिळतो, तोही चोरून. दिव्यासाठी यंत्र तासाभरात आलं, हेरंब. अण्णांसाठी का नाही आलं?"

मला वाटलं होतं तो माझ्यावर ओरडेल. तो आईच्या नखांकडे बघत राहिला. मग उठून आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तो बोटाचा चिमटा होता. त्याला कोणी आण म्हटलं नव्हतं.

ताईला काही समजलं नाही. मला समजलं. मी दोन दिवस पलंगाखाली वाकून शोधत होते तेव्हा तो याच्या शर्टांच्या घडीत होता. हेरंब गुडघ्यावर बसला आणि चिमटा आईच्या बोटाला लावायला गेला. सासूबाईंनी हात मागे घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांना लावलास तेव्हा मी जागी होते. आकडा बघून तुझा चेहरा कसा झाला तेही पाहिलं."

त्याला कळू द्यायचं नाही असं त्या मला म्हणाल्या होत्या, आणि त्याला माहीत आहे हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. हेरंब म्हणाला, "मला वाटलं सवय होईल."

"मलाही वाटलं. तू म्हणालास म्हणून."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. हेरंबने चिमटा जमिनीवर ठेवला. पाटावरची पणती टाकी सरकवल्यावर केव्हाच बारीक झाली होती, पिठात पडलेल्या नळीतून तिला जेमतेम मिळत होतं. त्याने ती नळी उचलली. एकदा पणतीकडे पाहिलं. मग त्याने नळी आईच्या नाकाशी धरली आणि यंत्राचं बटण पूर्ण फिरवलं. ज्योत लाल झाली. ताईचा हात पुढे आला, तिने तो परत मागे घेतला. ज्योत वातीवर एवढीशी राहिली आणि गेली. कोणी काडी ओढली नाही.

सासूबाई डोळे मिटून श्वास घेत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नखांचा रंग हळूहळू बदलत होता. ताई पदराने आईचं नाक पुसायला लागली, त्यावरचं पीठ पुसायला, आणि पुसता पुसता भावाला म्हणाली की तू खुनी आहेस. तो म्हणाला, हो. एवढं एकच उत्तर त्याने तिला त्या चार दिवसांत वाद न घालता दिलं.

सुतक, उंबरा, सगळं बाजूला ठेवून आम्ही सासूबाईंना घेऊन संध्याकाळी खाली आलो. हेरंब वर राहिला. त्याने टिपणिसांना बोलावून घेतलं होतं आणि कंपनीतल्या वरच्या माणसालाही. त्यांना तो काय सांगणार ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्याच्याबरोबर पुढे राहायचं की नाही हे मी त्या क्षणी ठरवणार नव्हते. ताईने लिफ्टमध्येच कराडला फोन लावून नवऱ्याला खालची खोली रिकामी करायला सांगितली. त्याचं काहीतरी म्हणणं पडलं असावं, कारण ती म्हणाली, प्राणायाम अंगणात घे, अंगणातही हवा असते.

दुसरं दार उघडलं आणि बाहेरची हवा अंगावर आली. डिझेल, खाडीचा वास, आणि फाटकाशी कणसंवाल्याच्या शेगडीतला कोळशाचा धूर. सासूबाईंना ठसका लागला. "शी, काय हा धूर," त्या म्हणाल्या आणि शेगडीपासून दोन पावलांवर, कणसंवाल्याच्या स्टुलावर, न विचारता बसल्या. आधी चार-पाच लहान श्वास घेतले, मग एक मोठा, खांदे उचलून. ताई रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. कणसावर ठिणग्या उडत होत्या आणि मी कितीतरी महिन्यांनी उघडी आग बघत होते.

सासूबाईंनी पदराखालून पणती काढली. तेल सांडू नये म्हणून त्यांनी ती वाटीत ठेवली होती. पणती घेतल्याचं त्यांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं.

"काडी ओढ," काड्यापेटी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या.

पहिल्याच काडीला ज्योत लागली, पिवळी, उंच, कोणाच्या मेहेरबानीवर नसलेली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मी हाताचा आडोसा धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. खाडीकडून वारा आला. ज्योत आडवी झाली, एकदा सावरली आणि विझली. मी दुसरी काडी काढली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाऱ्याने विझला. वाऱ्याने विझला तर चालतं."

त्यांनी वाटी माझ्याकडे दिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ताईने रिक्षा आणली होती. दोन पावलं गेल्यावर सासूबाई थांबल्या. आता त्यांच्यात बोलण्याइतका दम होता.

"पण माझा हात धरून तू पोरासमोर पिठात दाबलास," त्या म्हणाल्या, "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

मी म्हटलं, नका विसरू, पण आधी रिक्षात बसा.